नावाला गूळ

पंगतीत हा माणूस ओळखणं अवघड नाही. पहिला घास तो सगळ्यांसारखाच घेतो. दुसऱ्या घासाला थांबतो. आमटीची वाटी उचलून एक भुरका मारतो, वाटी खाली ठेवतो आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतो. यजमानीणबाई विचारतात, "काही हवंय का?" तो म्हणतो, "छे छे, उत्तम झालंय." मग शेजारच्याच्या कानाशी लागून, पण यजमानीणबाईंना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, "खडा राहिलाय."

खडा म्हणजे गुळाचा. भातात दाताखाली येतो त्या खड्याची तक्रार हा माणूस कधी करत नाही.

या जमातीच्या घरी कांदेपोह्यांत साखर असते, साबुदाण्याच्या खिचडीत साखर असते, काकडीच्या कोशिंबिरीत आणि मठ्ठ्यात असते. आमटीत गूळ असतो, भरल्या वांग्यात असतो, अळूच्या फदफद्यात असतो, आणि कारल्याच्या भाजीत तर इतका असतो की कारल्याला आपण कोण हे आठवू नये. एवढं सगळं पोटात गेल्यावर त्याला विचारा, तुमच्याकडे गोड खातात वाटतं? तो दुखावतो. "गोड? आमच्याकडे गोडाचं फारसं कुणी नाही हो. नावाला गूळ घालतो, एवढंच."

तो खोटं बोलत नसतो, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. त्याच्या हिशेबी गोड म्हणजे श्रीखंड, बासुंदी, जिलबी. जे वाटीत किंवा ताटात गोड म्हणून वाढलं जातं ते. आमटीत विरघळलेला गूळ हा गोडाच्या खात्यावर पडतच नाही. तो मिठाच्या आणि हिंगाच्या खात्यावर पडतो.

आमच्या इमारतीतले नाना हा या जमातीचा अस्सल नमुना. उभी नोकरी बँकेत केली, त्यामुळे कुठली रक्कम कुठल्या खात्यावर टाकायची याबद्दल त्यांना कुणी शिकवू शकत नाही. निवृत्तीनंतर दर रविवारची आमटी त्यांनी स्वतःकडे घेतली. बाकीचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी, माई करतात. आमटी नाना करतात, आणि ती होताना बघायला कुणीतरी लागतं म्हणून मला हाक येते.

आमटीची पहिली पायरी म्हणजे भाषण. तुरीची डाळ कुकरमध्ये मऊ शिजली पाहिजे, हिंग-हळद आणि तेलाचा थेंब घालून, आणि शिजेपर्यंत चिंच-गुळाने तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. यात नानांचं चुकत नाही. आंबट आणि गोड दोन्ही डाळीला शिजू देत नाहीत. गुळात साखरेबरोबर थोडं कॅल्शियमही असतं, त्याने दाणा अधिकच आखडतो. आधी गूळ घालून मग तासभर शिट्ट्या मोजत बसलेल्या एका नवख्या सुनेची गोष्ट नाना दर रविवारी सांगतात. सून कुणाची ते दर वेळी बदलतं.

मग फोडणी. मोहरी तडतडली, जिरं, हिंग, कढीपत्ता, वर घोटलेली डाळ. चिंचेचा कोळ पडतो. गोडा मसाला पडतो, म्हणजे धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर आणि बाकी सगळी मंडळी एकदम पातेल्यात उतरतात आणि जिन्यातल्या लोकांना नानांकडे आज आमटी आहे हे कळतं. आता गूळ. नाना ओट्याखालून डबा काढतात, ढेपेचा तुकडा कागदावर ठेवतात आणि बत्त्याने एक अलगद घाव घालतात. उडालेला कण बोटाने टिपून तोंडात टाकतात. हा कण चवीचा. दुसरा कण खात्री करण्याचा.

नानांची मापं फळांची आहेत. डाळ वाटीभर, चिंच बोराएवढी, तर गूळ सुपारीएवढा. पाहुणे आले तर चिंच आवळ्याएवढी आणि गूळ लिंबाएवढा. मी एकदा विचारलं की चिंच बोरावरून आवळ्यावर गेली, मग गूळ सुपारीवरून थेट लिंबावर कसा? नानांनी माझ्याकडे, शाखेत पहिल्यांदाच रुजू झालेल्या कारकुनाकडे बघावं तसं बघितलं. "अरे, लिंबं किती बारीक येतात हल्ली."

पण खरा कसोटीचा क्षण पुढचा. उकळी फुटते, नाना पळीतून थेंबभर तळहातावर घेतात, चाटतात, डोळे मिटतात. मला विचारतात, "गोड लागतेय?" लागतेय म्हटलं तर गूळ जास्त झाला. नाही म्हटलं तर कमी झाला. बरोबर उत्तर "छान लागतेय" हे आहे, आणि ते मला फार उशिरा सापडलं. नानांचं म्हणणं, गुळाने आमटी गोड करायची नसतेच. चिंचेला जी धार असते ती गूळ बोथट करतो, मिरचीचा जाळ खाली बसवतो, आणि स्वतः बाजूला होतो. "खरा गूळ घरातल्या मोठ्या सुनेसारखा. दिसायचा नाही. पण माहेरी गेला की घर बसतं." हे वाक्य माईंसमोर म्हणू नका असं मी त्यांना सुचवलंय, कारण माई घरातल्या मोठ्या सून आहेत आणि त्यांचं माहेर कोल्हापूर आहे.

इथे कथेला धार येते. चिंचेची.

देशाला गूळ पुरवणाऱ्या, ज्याच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं त्या जिल्ह्यातली मुलगी नानांनी केली तेव्हा त्यांना वाटलं की आता जन्माची ददात मिटली. आणि गुळाची मिटलीही. माईंच्या माहेरी ऊस आहे, हंगामात गुऱ्हाळ लागतं. नाना लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हाचं वर्णन ते आजही उभ्याने करतात, बसून करवत नाही. चुलवाणावर चढलेली भलीमोठी काहील, खालून चिपाडांचा जाळ, रानभेंडीच्या चिकाने वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकणारा गुळव्या; मग रस दाटत दाटत काकवीचा रंग येतो, आणि गुळव्या पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळवून बघतो. गोळी वळली की काहील उतरायची. "ती गोळी त्याने माझ्या हातावर ठेवली," नाना सांगतात, आणि पुढे काही सांगत नाहीत. पिवळाधमक गूळ बघितला की मात्र ते अजून बोलायला लागतात. रंग खुलवायला हायड्रॉस घालतात, गूळ कसा तपकिरी हवा, वगैरे. ते सगळं खरं आहे, पण वाण्याच्या दुकानात रांग खोळंबलेली असते.

घोळ असा, की जो मुलूख गूळ करतो तो रश्श्यात गूळ घालत नाही. माईंच्या माहेरी गूळ भाकरीबरोबर खातात, शेंगदाण्याबरोबर खातात, उन्हातून आलेल्या माणसाला पाण्याबरोबर देतात, पोळीत भरतात. तांबड्या रश्श्यात गूळ घालायचा विचार त्या घरात कुणाला स्वप्नातही शिवलेला नव्हता. नाना मटण खात नाहीत. नुसता रस्सा घेतात. "तुकडा नको हो, रस्सा चालेल," ही भूमिका आणि "गोड नाही हो, नावाला गूळ" ही भूमिका एकाच माणसाची आहे, हे चाणाक्ष वाचकाने ओळखलं असेलच.

तर सासुरवाडीला एकदा नानांनी तांबड्या रश्श्याची वाटी घेतली, कानशिलं तापली, आणि सगळे गप्पांत आहेत असं बघून त्यांनी खिशातून चांदीची सुपारीची डबी काढली. डबीत सुपारी नव्हती. वाटीपुरतं केलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण नानांचा स्वभाव परोपकारी. पातेलं जवळच होतं. दुसऱ्या वाढणीला थोरल्या मेव्हण्यांनी भुरका मारला आणि ताटावरून मान वर केली.

"दाजी, ह्यो रस्सा गुळमाट कशानं झाला वो?"

नाना म्हणाले, "नारळ गोड निघाला असेल."

"नारळ पांढऱ्यात असतोय, दाजी. ह्यो तांबडा हाय."

त्यानंतर सासुरवाडीला नानांचं पान पातेल्यापासून चार हात लांब मांडतात. दर वर्षी निघताना मेव्हणे ढेप मात्र गाडीत ठेवतात, न चुकता. "न्या दाजी. तुमच्या घरात काय घालायचं ते घाला."

पुण्यातल्या घरात मग तह झाला. सोमवार ते शनिवार माईंची आमटी, कांदा-लसूण मसाल्याची, तिच्यात गुळाला बंदी. रविवार नानांचा. सणावाराला कटाची आमटी असते आणि तिथे दोघांचं जमतं, कारण पुरणाचा चमचाभर गोळा तिच्यात दोन्ही माहेरांत पडतो. पुरणात चिमटीभर मीठ घालायचं हेही दोघांना मान्य आहे. मिठाने गोडाच्या मागचा कडवटपणा दबतो आणि गोड उठून दिसतं. उकडीत मीठ, शिऱ्यात मीठ, इथे नाना एकदम उदार होतात. गोडात खारट घालणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, खारटात गोड घालणाऱ्यालाच का, हा त्यांचा सवाल आहे आणि तो रास्त आहे असं माझंही मत आहे. फक्त ते माईंना सांगू नका.

नानांनी हिंदुस्थान फिरून पाहिला तो या एकाच मुद्द्यावर. नकाशा त्यांच्या डोक्यात आहे आणि त्यात राज्यांच्या सीमा नाहीत. बडोद्याला डाळीत गूळ मिळाला: आपली माणसं. उडपी सांबारात गूळ: आपली माणसं. इंदूरला सकाळी पोह्यांबरोबर जिलबी आली तेव्हा नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले म्हणतात. होळकरांनी पुढचा सगळा इतिहास कसा का घडवला असेना, नाना त्यांना माफ करायला तयार आहेत. मुंबईत एका पारशी मित्राने जर्दाळू घातलेलं मटण समोर ठेवलं. नानांनी अर्थात नुसता रस्सा घेतला. कोकणात पिकल्या रायवळ आंब्यांचं रायतं, फेसलेली मोहरी, तिखट, मीठ आणि गूळ घातलेलं. गोव्यात त्याचंच भावंड असलेलं सासव, तिथे ओलं खोबरंही वाटून घालतात, आणि आंबे नसले तर अननस चालतो. या सासवाबद्दल नाना बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलतो. आंबट, गोड, तिखट, खारट आणि मोहरीचा नाकात जाणारा झणका, एका वाटीत! पाडव्याच्या कडुनिंबाच्या चटणीतही गूळ असतो, याची ते आठवण करून देतात. वर्षाचा पहिला घासच जर असा, तर वादाला जागाच कुठे?

नागपूर मात्र त्यांच्या नकाशावर काळ्या शाईने भरलेलं आहे. बँकेने तिथे बदली केली होती. सहकाऱ्यांनी स्वागताला सावजी रश्श्याचं जेवण दिलं. नानांच्या डोळ्यांतून, नाकातून आणि बहुधा कानांतूनही पाणी आलं, तेव्हा त्यांनी वाढणाऱ्या पोऱ्याकडे साखर मागितली. पोऱ्याने चहा आणून ठेवला. नानांनी त्यातली साखर तळाशी असेल या आशेने... पण ते जाऊ दे. त्यानंतर बदली संपेपर्यंत जेवणाच्या सुटीत त्यांचा डबा उघडला की शेजारच्या टेबलावरून चौकशी व्हायची, "नानासाहेब, तुमच्या वरनाले मुंग्या नाही लागत का जी?"

निवृत्तीनंतर वाचन वाढलं आणि नानांच्या हाताला विज्ञान लागलं. आजवरची सगळी वकिली जिभेवर चालली होती, आता ती आतड्यात शिरली. जलसंजीवनीच्या पुडीवरचा मजकूर त्यांनी वाचला: लिटरभर पाण्याला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज. शिवाय इतर क्षार, पण त्यांच्याकडे नानांनी लक्ष दिलं नाही. आतड्याच्या भिंतीत मीठ आणि साखर यांना आत घेणारं दार एकच आहे. दोघं जोडीने आले तर ते भराभर आत जातात आणि मागोमाग पाणी ओढून नेतात. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. नाना ही हकिकत सांगतात तेव्हा ऐकणारा गंभीर होतो. त्याच गंभीर क्षणी नाना म्हणतात, "आणि तुम्ही मला आमटीतल्या खड्यावरून बोलता."

लग्नात मात्र त्यांच्याबरोबर जेवायला बसू नये. जिलबी आणि मठ्ठा वाढला की ते शेजाऱ्याची शिकवणी घेतात. जिलबी मोडायची, घास अर्धा चावायचा, मग मठ्ठ्याचा घोट. आधी मठ्ठा घेतलास की जिलबीचा पाक धुतला गेला, संपलं. आले-कोथिंबीर लावलेला, किंचित खारट मठ्ठा जिलबीचा गोडपणा पुसून जीभ पुन्हा कोरी करतो, आणि माणूस आणखी जिलबी खातो. हे केटररला परवडत नाही म्हणून हल्ली मठ्ठा पातळ करतात, अशी नानांची शंका आहे. दुसरं दुःख पंचामृताचं. तीळ, दाणे, खोबऱ्याचे काप, मिरच्या, चिंच आणि गूळ यांचं ते दाट, तपकिरी, चकाकणारं प्रकरण पूर्वी पानात डावीकडे असायचंच. आता त्या जागी गोबी मंचुरियन असतं. "त्यातही साखर असते," असं मी एकदा म्हणालो. नाना म्हणाले, "साखर असते. विचार नसतो."

मुलगा कॅनडात, ओंटारिओत असतो. तिकडे गेले असताना नातीने आजोबांची गंमत करायची म्हणून अननसाचा पिझ्झा मागवला. तिने आजोबांना आधी सगळं सांगून ठेवलं: हा पिझ्झा 1962 साली इथेच, चॅटम गावात, सॅम पानोपुलोस नावाच्या ग्रीक माणसाने पहिल्यांदा केला, जगात यावरून भांडणं होतात, आइसलंडचे राष्ट्राध्यक्ष 2017 मध्ये म्हणाले होते की हातात असतं तर पिझ्झ्यावर अननस घालायला बंदीच केली असती. मुलगा, सून, नात, तिघं नानांच्या तोंडाकडे बघत बसले. त्यांना वाटलं, आता नाना हाय खातील. नानांनी घास घेतला, भिंतीवर कॅलेंडर नव्हतं म्हणून खिडकीबाहेर बघितलं.

"अननस बरोबर आहे. पण मोहरी फेसून घालायला हवी होती."

त्या राष्ट्राध्यक्षांना गोव्याला पाठवावं असंही त्यांनी सुचवलं.

हे सगळं वर्षानुवर्षं असंच चाललं असतं. पण परत आल्यावर मुलाच्या आग्रहाखातर तपासण्या झाल्या आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आठाच्या वर निघाला. डॉक्टरांकडे जाताना नानांनी मला बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून. माई स्वतःहून आल्या, फिर्यादी म्हणून.

डॉक्टरांनी अहवाल बघितला. "गोड खाता?"

"नाही," नाना म्हणाले. इतक्या सरळ मनाने म्हणाले की डॉक्टर लिहायलाही लागले.

माईंनी पदर सावरला आणि बोटं मोजायला घेतली. पोहे, कोशिंबीर, मठ्ठा, आमटी, वांगी, अळू, कारलं, तक्कू, मेथांबा, लिंबाचं गोड लोणचं. दोन्ही हातांची बोटं संपल्यावर त्या थांबल्या, कारण नानांची बोटं मागावीत तर त्या काळात त्या त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

"अहो, ते गोड नाही," नाना म्हणाले. "ते जेवण आहे."

डॉक्टरांनी समजावलं. गुळात थोडं लोह असेल, थोडे क्षार असतील, पण बाकी बहुतेक साखरच आहे. रक्ताला ढेपेचा रंग दिसत नाही. आमटीतला गूळ बंद. नानांनी खालच्या आवाजात विचारलं, "नावालासुद्धा?" डॉक्टर म्हणाले, नावालासुद्धा नाही. आणि रोज काय खाल्लं ते वहीत लिहून आणायचं.

वही लिहायची म्हटल्यावर नानांना बरं वाटलं. महिन्याने आम्ही परत गेलो तेव्हा त्यांनी टेबलावर ठेवलेली वही बघून कुठल्याही लेखापरीक्षकाला भरून आलं असतं. तारीख, वेळ, पदार्थ, प्रमाण आणि शेरा, तांबड्या रेघांनी रकाने पाडलेले. डॉक्टर पानं उलटत गेले. आमटी, गूळ निरंक. पोहे, साखर निरंक. भरली वांगी, गूळ निरंक, शेरा: 'खाववली नाहीत.' डॉक्टर खूश झाले. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ रोज होती, आणि तिच्यापुढचा प्रमाणाचा रकाना रोज कोरा होता.

"पंचामृत?"

"ते डावीकडचं आहे," नाना म्हणाले. "मीठ, लिंबू, चटणी यांच्या ओळीत. डावीकडचं धरायचं असतं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "रोज किती घेता?"

"चमचाभर."

"चहाचा की जेवणाचा?"

नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"पळी," माई म्हणाल्या.